पी.टी.चा तास गणिताला देऊ नका, आणि गणिताच्या तासात मुलांना उभे करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सहामाही परीक्षा पंधरा दिवसांवर आली की शाळेच्या वेळापत्रकात पहिला बळी पी.टी.च्या तासाचा जातो. ‘आज मैदान नाही, गणिताचे सर येणार आहेत’ असे फळ्यावर लिहिले जाते आणि त्यावर कोणी काही बोलत नाही. गणिताचे चार तास बुडाले तर पालक मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहतात. पी.टी.चे चार तास बुडाले म्हणून आलेला पालक विरळाच. हा प्रकार बंद व्हावा, हे या पत्राचे एक कारण आहे. पण तेवढे होऊनही प्रश्न संपत नाही. पी.टी.चा तास झाला तरी त्यात मूल किती हलले, आणि तो तास सोडून उरलेल्या दिवसात ते किती वेळ बसून होते, हे आणखी दोन प्रश्न आहेत. त्यातला दुसरा तर आपल्याकडे कोणी विचारतच नाही.

सकाळच्या शाळेत जाणाऱ्या सातवीतल्या शहरी मुलाचा दिवस कागदावर मांडून पाहा. व्हॅनमध्ये जाऊन-येऊन एक तास. शाळा साडेपाच तासांची; त्यातून परिपाठ, सुट्ट्या आणि इकडेतिकडे वजा केले तर साडेचार तास बाकावर. क्लास दोन तास. गृहपाठ दीड तास. टीव्ही आणि मोबाइल दोन तास (हा आकडा पालक सांगतात तो, खरा अनेकदा जास्त असतो). दोन जेवणे आणि नाश्ता मिळून पाऊण तास. बेरीज पावणेबारा तास होते. या मुलाला संध्याकाळी तासभर फुटबॉलच्या कोचिंगला घातले, तरी हे पावणेबारा तास जागेवरच राहतात. मैदानाचा तास बहुतेक वेळा झोपेतून किंवा घरातल्या रिकाम्या बागडण्यातून काढला जातो. शिवाय मैदानावर जायचे ते बाबांच्या स्कूटरवर बसून.

खेळणे आणि बसणे ही दोन वेगळी खाती आहेत, एकातली जमा दुसऱ्यात आपोआप वळती होत नाही. शास्त्रात ‘बसणे’ म्हणजे जागेपणी बसून, रेलून किंवा पडून केलेली अशी कोणतीही गोष्ट, जिच्यात शरीराचा ऊर्जाखर्च विश्रांतीच्या दीडपटीपलीकडे जात नाही. अभ्यास, रील्स, बुद्धिबळ, व्हॅनमधला प्रवास, शरीराच्या हिशेबी सगळे एकच. मनाच्या हिशेबी मात्र एक नव्हे, त्याबद्दल पुढे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने रोज किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस दम लागेल असे पळणे-उड्या तसेच स्नायू आणि हाडे बळकट करणारे खेळ त्यात असावेत. यातला ‘सरासरीने’ हा शब्द नवा आहे. २०१० च्या शिफारशीत रोजच्या रोज ६० मिनिटे अशी अट होती. मुसळधार पावसात दोन दिवस मैदान बुडाले तर शनिवार-रविवारी भरून काढता येते, एवढी मोकळीक या बदलाने मिळाली. मध्यम आणि जोरदार यांत फरक कसा करायचा? मूल खेळता खेळता बोलू शकते पण गाणे म्हणू शकत नाही, ती मध्यम हालचाल. दोन-चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो, ती जोरदार. यंत्र लागत नाही.

बसण्याबाबत मात्र संघटनेने मिनिटांचा आकडा दिलेला नाही. कमी करा, विशेषतः करमणुकीसाठी पडद्यासमोर बसणे कमी करा, एवढेच म्हटले आहे. कॅनडाने २०१६ मध्ये दिवसाच्या चोवीस तासांचा एकत्र विचार करून शिफारशी केल्या. त्यांत करमणुकीचा पडदा २ तासांच्या आत, ५ ते १३ वयाला ९ ते ११ तास झोप, ६० मिनिटे जोमाची हालचाल, आणि त्याखेरीज कित्येक तास हलकी हालचाल असे सांगितले आहे. हलकी म्हणजे चालणे, उभ्याने काम, जिन्यावर ये-जा, भावंडाच्या मागे घरभर फिरणे. आमच्या मते या चौकटीतला सर्वांत दुर्लक्षित घटक हाच.

या हलक्या हालचालीचा मुलांच्या मनःस्थितीशी असलेला संबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात चांगला दिसला. ब्रिस्टल परिसरात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांपैकी ४,२५७ जणांनी वयाच्या १२, १४ आणि १६ व्या वर्षी काही दिवस कमरेला हालचाल मोजणारे यंत्र लावले. १८ व्या वर्षी त्यांच्यातील नैराश्याची लक्षणे प्रश्नावलीने मोजली गेली. बाराव्या वर्षी ही मुले दिवसाला सरासरी ७ तास १० मिनिटे बसत होती, सोळाव्या वर्षी ८ तास ४३ मिनिटे. वाढलेला हा दीड तास आला कुठून? मुख्यतः हलक्या हालचालीतून; ती ५ तास २६ मिनिटांवरून ४ तास ५ मिनिटांवर आली. बाराव्या वर्षी दिवसाला एक तास अधिक बसणाऱ्या मुलांचे अठराव्या वर्षीचे नैराश्याचे गुण सुमारे ११ टक्क्यांनी अधिक होते, आणि एक तास अधिक हलकी हालचाल करणाऱ्यांचे सुमारे १० टक्क्यांनी कमी.

या आकड्यांवरून उडी मारून ‘बसल्याने नैराश्य येते’ असे कोणी म्हणू नये. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. उदास मूल खेळायला जात नाही, कोपऱ्यात बसते, म्हणजे बाण उलट्या दिशेनेही जाऊ शकतो. कमरेचे यंत्र शांत उभे राहणे आणि बसणे यांत नीट फरक करू शकत नाही. आणि मूल बसून काय करत होते हे त्याला कळत नाही. गोष्टीचे पुस्तक वाचणे आणि रात्री अकराला दुसऱ्यांचे फोटो चाळत पडणे या दोन्हींची नोंद एकच. इतर अभ्यासांतूनही पडद्यासमोरच्या करमणुकीचा संबंध उदासीशी जितका दिसतो, तितका वाचनाचा किंवा गृहपाठाचा दिसत नाही. पण एक व्यावहारिक गोष्ट यातून हाती लागते. ज्या मुलाला धावायला आवडत नाही, ज्याला संघात कोणी घेत नाही, जे जाड आहे म्हणून चिडवले जाते, त्याच्यासाठीही काही करता येण्याजोगे आहे. त्याला खेळाडू व्हायची गरज नाही, बसण्याचा एक तास उभ्या-चालत्या वेळात बदलला तरी ते चांगले आहे. पी.टी.चा विचार आपण नेहमी जिल्हास्तरावर जाणाऱ्या बारा मुलांपासून सुरू करतो आणि वर्गातली उरलेली अडतीस प्रेक्षक होतात.

हे ‘बारा आणि अडतीस’ शब्दशः खरे आहे. खो-खो घ्या. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण चौकोनांत बसलेले, एक पाठलाग करणारा, आणि पळणाऱ्या संघाचे तीन जण. मैदानात एकूण बारा, त्यांत प्रत्यक्ष धावणारे चार. पन्नासच्या वर्गात एकच खो-खो लावला तर एका वेळी चार मुले पळतात, आठ उकिडवी असतात आणि अडतीस कडेला गप्पा मारतात. खो-खो वाईट नाही, आपली मांडणी वाईट आहे. लंगडी, डॉजबॉल यांत दुसरा दोष असतो. जे मूल सर्वांत हळू ते सर्वांत आधी बाद होते आणि सर्वांत जास्त वेळ बसते. ज्याला हालचालीची सर्वाधिक गरज, त्यालाच खेळाचा नियम बाहेर बसवतो, आणि तेही सगळ्यांदेखत. हे आठवड्यातून दोनदा असे वर्षभर झाले की सातवी-आठवीत ‘सर, पोटात दुखतंय’ सुरू होते. त्यामागचे कारण पोटात नसते.

आता ३५ मिनिटांचा तास कुठे जातो ते पाहा. तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला पाच मिनिटे. रांगा आणि हजेरी पाच. ‘सावधान-विश्राम’ आणि सूचना पाच. परत वर जायला आणि पाणी प्यायला पाच. उरली पंधरा, त्यांतही आपली पाळी येईपर्यंत थांबणे. अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्य यंत्रणा म्हणते की शारीरिक शिक्षणाच्या तासाचा किमान निम्मा वेळ मध्यम ते जोरदार हालचालीत जावा. आपल्याकडे हे मोजण्यासाठी खर्च नाही. वर्गातली पाच मुले आधीच मनात निवडावीत, दोन चपळ, दोन मधली, एक मागे राहणारे. वीस मिनिटे दर मिनिटाला एकदा नजर टाकून प्रत्येकापुढे ब, उ, चा किंवा प लिहावे, म्हणजे बसलेले, उभे, चालते, पळते. शंभर नोंदी होतात, म्हणून बेरीज हीच टक्केवारी. मुलांना कळू देऊ नये, नाहीतर ती कागदाकडे बघून पळतात. हे काम सरांनी स्वतः शिकवता शिकवता करू नये. दुसऱ्या शिक्षकाला वीस मिनिटे उभे करावे. पहिल्या दिवशी ‘चा’ आणि ‘प’ मिळून २० ते ३० निघाले तर खचून जाऊ नये, एका जागी खेळ आणि रांग असली की तसेच निघते.

तास बदलायचा तर वर्षाच्या सुरुवातीलाच पाच-पाच जणांचे कायमचे गट पाडावेत. पन्नासच्या वर्गात दहा गट, प्रत्येकाला गटप्रमुख, दर महिन्याला बदलणारा. मैत्रीवर गट सोडले तर दोन मुले शेवटी नेहमीच उरतात, म्हणून गट सरांनीच पाडायचे. खाली आल्यावर रांग लावायची नाही. मैदानाच्या कडेने चालायला लागायचे आणि गटप्रमुखांनी चालता चालता हजेरी सांगायची. त्यानंतर तीन मिनिटे हलके धावणे, गुडघे वर, हात फिरवणे. थंड शरीराने पाय ताणून धरायचे व्यायाम सुरुवातीला नकोत, त्यांची जागा शेवटी. मग दहा मिनिटे पाठलागाचा खेळ. विषामृत सर्वांत सोपा. चुन्याने १५ मीटर बाजूचे दोन चौकोन आखायचे, प्रत्येकात पंचवीस मुले आणि तीन ‘विष’. विष लागले की जागेवर थांबायचे, कोणी ‘अमृत’ म्हणून शिवले की पुन्हा पळायचे. कोणी कायमचे बाद होत नाही हे यातले मर्म. चूक होते ती राज्य बदलण्यात. तीच तीन मुले पाच मिनिटे विष राहिली तर ती दमतात, बाकीचे उभे राहून त्यांना चिडवतात आणि खेळ मरतो. दीड मिनिटाला शिट्टी आणि नवे तीन.

त्यानंतर दहा मिनिटे पाच ठिकाणांचा फेरा. प्रत्येक ठिकाणी दोन गट, दीड मिनिट काम, अर्धा मिनिट जागा बदलायला. दोरीउड्या, बाटल्यांमधून वाकडीतिकडी धाव, चेंडू भिंतीवर मारून झेलणे, पायरीवर चढ-उतार, आणि हात-पाय टेकून अस्वलाची चाल. शेवटच्या दोहोंमुळे स्नायूंचे आणि दोरीमुळे हाडांचे काम होते, म्हणजे आठवड्यातल्या तीन दिवसांपैकी दोन दिवस तरी शाळेतच पदरात पडतात. सामान म्हणजे दहा दोऱ्या, दहा रबरी चेंडू, सोळा बाटल्या. दोरी सुती आणि बोटाएवढी जाड घ्यावी. पातळ नायलॉनची दोरी हलकी असते, नीट फिरत नाही आणि पायाला सपकारा बसतो. दोरीच्या मध्यावर पाय ठेवून दोन्ही टोके काखेपर्यंत आली की माप बरोबर. एक लिटरच्या बाटलीत एक तृतीयांश वाळू भरावी. रिकामी बाटली वाऱ्याने पडते, पाण्याची गळते आणि फरशीवर निसरडे होते. शेवटी तीन मिनिटे सावकाश चालणे, पाणी, वर. ३५ पैकी वीस मिनिटे हालचाल मिळते, त्यासाठी नवे मैदान लागत नाही.

आणि खो-खो खेळायचाच असेल तर सहा छोटे खो-खो लावावेत. प्रत्येकात पाच बसलेले, एक पाठलाग करणारा, दोन पळणारे. अठ्ठेचाळीस मुले गुंतली, एका वेळी अठरा पळतात आणि बसलेल्याची पाळी लवकर येते. खांबांऐवजी दोन टोकांना दोन बाटल्या चालतात. पंच म्हणून उरलेली दोन मुले, दर डावाला बदलणारी.

आता वर्गाकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन असावे असे म्हटले आहे. पहिलीच्या मुलाने दिवसाला सरासरी चार तास शिकावे असा त्याचा अर्थ. ते चार तास बसून शिकावे, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. ते आपण गृहीत धरले.

३५ मिनिटांच्या तासात सतरा-अठराव्या मिनिटाला दोन मिनिटे सगळ्यांनी उभे राहायचे, इतके साधे आहे. आठ तासांत सोळा मिनिटे होतात, पण खरा फायदा त्या मिनिटांपेक्षा सलग बसण्याचे तुकडे पडण्यात आहे. करायचे काय? खालच्या इयत्तांत पाढे. ‘बे एके बे’ला डावा पाय, ‘बे दुणे चार’ला उजवा, दहापर्यंत. वरच्या इयत्तांत टाचा उचलणे वीस वेळा, बाकाला हात टेकून तिरके दंड दहा, खांदे मागे फिरवणे. प्रश्नाचे उत्तर अ वाटले तर डाव्या भिंतीला, ब वाटले तर उजव्या भिंतीला जा, असे विज्ञानाच्या तासाला सहज करता येते.

यात बिघडते काय, ते सांगणे जास्त गरजेचे. पहिल्या आठवड्यात गोंधळ होतो आणि दोन मिनिटांची सात होतात. म्हणून शिक्षक बंद करतात. उपाय म्हणजे हे ‘मोकळे सोडणे’ नव्हे, शिक्षकाने मोजत चालवायचे काम आहे, शेवटचा आकडा म्हटला की खाली बसायचे. वरच्या मजल्यावर उड्या मारू नयेत, खालच्या वर्गाच्या डोक्यावर धडधड होते आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार येते. दप्तरे दोन बाकांच्या मधल्या वाटेत असतील तर कोणीतरी अडखळून पडणारच. ती बाकाखाली सरकवूनच उभे राहायचे. शिवाय मागच्या भिंतीपाशी चार-पाच मुलांना परीक्षेचे पॅड घेऊन उभ्याने लिहायची परवानगी द्यावी, पाळीपाळीने. सतत चुळबुळ करणाऱ्या मुलाला ‘नीट बस’ म्हणण्यापेक्षा हे स्वस्त पडते. बसायचे तेव्हा पाय जमिनीला टेकलेले हवेत. दुसरीचे मूल पाचवीच्या बाकावर बसले तर पाय लोंबकळतात, मांडीच्या मागे काठ रुततो आणि ते सरकत सरकत पाठीला बाक काढते. पायाखाली लाकडी फळी ठेवली तरी भागते.

एक गोष्ट मात्र थांबलीच पाहिजे. गृहपाठ केला नाही, दहा उठाबशा. उशीर झाला, मैदानाला तीन फेऱ्या. बडबड केली, पी.टी.ला जायचे नाही, वर्गात बस. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातलेली आहे, हे झाले कायद्याचे. पण त्यापलीकडे पाहा. जो व्यायाम आयुष्यभर आवडावा असे आपण म्हणतो तोच आपण लाजेशी जोडून ठेवतो, आणि ज्याला सर्वांत जास्त हलायची गरज त्या दंगेखोर मुलाला शिक्षा म्हणून बसवतो. उरलेला दिवस तो वर्गाला काय देतो ते शिक्षकांना ठाऊक आहेच.

‘पण अभ्यास?’ हा प्रश्न पालकांकडून येणारच. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने २२१ मुलांवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्म्या मुलांना शाळा सुटल्यावर नऊ महिने रोजच्या खेळाच्या कार्यक्रमात घातले, उरलेल्यांना प्रतीक्षायादीत ठेवले. खेळणाऱ्या मुलांची लक्ष विचलित न होऊ देण्याची आणि एका कामावरून दुसऱ्या कामावर वळण्याची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा अधिक सुधारली. गुण वाढतील असे वचन आम्ही यावरून देत नाही. पी.टी.चा तास काढून गणिताला दिल्याने गणित सुधारते, असे मानण्याला मात्र आधार नाही.

डोळ्यांचे एक वेगळे सांगायला हवे, कारण चष्म्याचा नंबर ही पालकांना कळणारी भाषा आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा जादा तास वर्गाबाहेर घेतला. तीन वर्षांनी त्या शाळांत नव्याने लघुदृष्टी झालेली मुले ३०.४ टक्के होती, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. इथे काम करतो तो मुख्यतः दिवसाचा उजेड, त्यामुळे मैदानात सावलीत बसून डबा खाल्ला तरी डोळ्यांचा फायदा होतो आणि बंद हॉलमधल्या योगासनांनी होत नाही. मधली सुट्टी वर्गातच डबे उघडून संपवायची जी पद्धत काही शाळांत ‘शिस्त’ म्हणून रुजली आहे, ती निदान या कारणासाठी तरी सोडावी.

मुलींचा प्रश्न निराळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांच्या अंदाजानुसार २०१६ मध्ये ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुले शिफारशीपेक्षा कमी हालचाल करत होती. भारतात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के. भारत जगापेक्षा बरा म्हणून पाठ थोपटण्याआधी त्या संशोधकांनीच सुचवलेले कारण वाचावे: मुलांच्या बाबतीत क्रिकेटसारखे खेळ आणि मुलींच्या बाबतीत बहुधा घरकाम. पाणी भरणे, केर काढणे, लहान भावाला कडेवर घेऊन फिरणे, यांत हालचाल आहे. पण आवडीने, मैत्रिणींबरोबर, स्वतःच्या मर्जीने खेळण्यातून मनाला जे मिळते ते त्यात नाही. सहावी-सातवीनंतर मुली मैदानातून का नाहीशा होतात याची कारणे आवडीनिवडीत शोधू नयेत, ती कपड्यांत आणि स्वच्छतागृहात शोधावीत. ओढणी सांभाळत पळता येत नाही, स्कर्टमध्ये अस्वलाची चाल करता येत नाही. पी.टी.चा वेगळा गणवेश एकाच वारी असतो आणि नेमका त्याच वारी तो धुवायला टाकलेला असतो. रोजच ट्रॅक पँटला परवानगी दिली तर अर्धा प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा मैदानाजवळ कडी लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह आणि पॅड टाकायला झाकणाची बादली असल्याने. पाळीच्या दिवसांत खेळू नये असा वैद्यकीय नियम नाही. जिला त्रास होतो तिने थांबावे, बाकीच्यांना थांबवू नये. एखादी मुलगी अलीकडे लगेच दमत असेल, फिकी दिसत असेल, तर आळशी म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासावे.

दम्याचे मूलही खेळू शकते आणि खेळावे. आठ-दहा मिनिटे सावकाश सुरुवात आणि डॉक्टरांनी दिलेला पंप दप्तरात नव्हे, मैदानावर सरांच्या पिशवीत. मात्र धावताना छातीत दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे हे ‘नाश्ता केला नसेल’ म्हणून सोडून देऊ नये; डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय त्या मुलाला परत मैदानात उतरवू नये. मार्चपासून जूनपर्यंत, विदर्भ-मराठवाड्यात तर नक्कीच, मैदान सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर. दुपार अधिवेशनाच्या शाळेत उन्हाळ्यात पी.टी.चा तास पहिला ठेवला तर तो होणारच नाही. आणि शेवटचा ठेवला तर मुले दप्तर आवरत बसतात, व्हॅन लागलेली असते. शेवटून दुसरा ही त्यातल्या त्यात बरी जागा.

घरासाठी मोजके. गृहपाठ सलग दीड तास बसवून घेण्यापेक्षा दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे उठवावे, पण त्या पाच मिनिटांत मोबाइल हातात देऊ नये. तो दिला की उठणे राहिले बाजूला आणि परत बसवणेही कठीण. पाठांतर फिरत करू द्यावे. पूर्वी ओसरीवर येरझाऱ्या घालत पाठांतर होई, त्यात काही बिघडत नव्हते. मोबाइल झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावा. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशी अधिक कडक आहेत. एक वर्षाच्या मुलाला पडदा अजिबात नको. दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाहून अधिक नको. आणि बाबागाडीत किंवा उंच खुर्चीत सलग एका तासापेक्षा जास्त वेळ अडकवून ठेवू नये. मोबाइल दाखवत भरवणे यात कुठे बसते, ते ज्याचे त्याने ठरवावे.

सोसायट्यांत पार्किंगच्या जागी ‘बॉल खेळण्यास मनाई’ची पाटी असते, आणि दोनशे मीटरवरच्या शाळेचे मैदान संध्याकाळी कुलपात. शाळेचे मैदान पाच ते सात उघडे ठेवायला रखवालदाराचे दोन तास आणि एक दिवा लागतो. अनुदानित आणि सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सरकारी शाळेत शाळेचा विकास आराखडा तीच करते, अनुदानित शाळेत तिचे काम सल्ल्यापुरते असते. मैदानाचा विषय सरकारी शाळेत त्या आराखड्यात लिहून घेता येतो, अनुदानित शाळेत समितीपुढे मांडता येतो. विनाअनुदानित शाळेत ही समिती नसते, तिथे पालक-शिक्षक संघात मागावे लागेल.

मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीही नको म्हणत असेल, तर त्याला ‘जरा खेळायला जा, बरं वाटेल’ एवढ्यावर सोडू नये. खेळ हा औषधाला पर्याय नाही. डॉक्टरांना दाखवावे, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

पुढच्या पालकसभेला गुणपत्रिका पाहून झाली की वर्गशिक्षकांना एक विचारावे: या सहामाहीत आमच्या वर्गाला पी.टी.चे किती तास लागले होते आणि किती झाले? तास कोणाला दिला ते शाळेच्या बदली तासांच्या वहीत लिहिलेले असते. ती वही मागून बघावी.

आपले,
शारीरिक शिक्षण आणि बालआरोग्य क्षेत्रात काम करणारे काही जण,
पुणे